रिलीज कँडिडेटवर टेस्ट फेल झाली की आधी काय बघायचं

ओपन सोर्समध्ये यायचं म्हटलं की आमच्या नागपूरच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना लगेच नवीन फीचर लिहायचं असतं. मी त्यांना आधी एखाद्या पायथॉन लायब्ररीची रिलीज कँडिडेट (आरसी), म्हणजे पक्क्या आवृत्तीआधी तपासायला दिलेली आवृत्ती, घेऊन तिच्या टेस्ट चालवायला सांगतो. पक्की आवृत्ती येण्याआधी सापडलेला बग पुढे असंख्य लोकांचा मनस्ताप वाचवतो. शिवाय दुसऱ्याचा कोड वाचायची सवय याच कामात लागते.

सुरुवात स्वच्छ व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटने, म्हणजे बाकी पॅकेजपासून वेगळ्या ठेवलेल्या पायथॉनच्या जागेने करा. पॅकेज बसवणाऱ्या पिपला कच्च्या आवृत्त्याही चालतील असं सांगणारा नुसता ‘प्री’ पर्याय दिला, तर ती सूट सगळ्याच पॅकेजना लागू होते आणि सोबतच्या लायब्रऱ्यांच्याही कच्च्या आवृत्त्या येऊ शकतात. मग बिघाड नेमका कोणाचा, हे कळेनासं होतं. त्यापेक्षा हव्या त्या आरसीचा पूर्ण आवृत्ती क्रमांक देऊन तेवढीच बसवा. शेजारी दुसऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये जुनी स्टेबल आवृत्तीही ठेवा. तीच टेस्ट तिथेही फेल होत असेल, तर आरसीला दोष देण्यात अर्थ नाही.

फेल झालेल्या टेस्टनी स्क्रीन लाल झाली तरी घाबरू नका, पुष्कळदा मूळ कारण एकच असतं. टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टला पहिल्या फेल्युअरवर थांबायला सांगा आणि तेवढंच नीट वाचा. ‘ई’ अक्षराने सुरू होणाऱ्या ओळींत काय अपेक्षित होतं आणि काय मिळालं, ते दिसतं.

बजाजनगरात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीची टेस्ट अशीच अडली होती. ती म्हणाली, “दादा, यांच्या सीआयवर सगळं हिरवं आहे, माझ्याकडेच फेल होते.” (सीआय म्हणजे प्रोजेक्टच्या सर्व्हरवर आपोआप टेस्ट चालवणारी व्यवस्था.) अपेक्षित वेळ होती १ जानेवारी १९७०, ००:०० आणि मिळालेली ०५:३०. साडेपाच तास दिसले की आपल्या माणसाला लगेच कळायला हवं, हा टाइमझोन आहे! टाइमस्टँप म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद. टाइमस्टँप शून्य हा यूटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे मध्यरात्रीचा, पण टाइमझोन न सांगता त्याची तारीख केली की पायथॉन मशीनची स्थानिक वेळ घेतो. सीआयचं मशीन यूटीसीवर होतं, म्हणून तिथे सगळं सुरळीत. तिने टीझेड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल यूटीसी करून टेस्ट चालवली, ती पास झाली. लायब्ररी ठीक होती, दुरुस्ती टेस्टमध्ये हवी होती. याउलटही घडतं. टाइमझोनचा फरक पूर्ण तासांचाच असतो असं धरून लिहिलेला कोड न्यूयॉर्क-बर्लिनमध्ये बिनबोभाट चालतो. भारतात किंवा ५:४५ वाल्या नेपाळमध्ये मोडतो. तेव्हा चूक लायब्ररीचीच, आणि ती आपल्यालाच आधी दिसते. म्हणून नागपुरात बसून टेस्ट चालवणं मला फार मोलाचं वाटतं.

काही वेळा बदल मुद्दाम केलेला असतो. जून २०२४ मध्ये आलेल्या नमपाय या गणिताच्या लायब्ररीच्या २.० आवृत्तीत एका संख्येचं छापील रूप बदललं: जिथे नुसतं ३.० दिसायचं तिथे ‘एनपी.फ्लोट६४(३.०)’ दिसू लागलं. गणित तेच, पण छापलेला मजकूर जसाच्या तसा ताडून बघणाऱ्या डॉकटेस्ट (डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं चालवणाऱ्या टेस्ट) फेल होऊ लागल्या. अशा वेळी रिलीज नोट्स वाचल्याशिवाय बग म्हणून कळवू नका.

नोट्समध्ये काहीच नसेल, तर गिट बायसेक्ट, म्हणजे बिघाड कुठल्या कमिटने (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाने) आला ते शोधणारी गिटची कमांड. हजार कमिट असले तरी साधारण दहा पायऱ्यांत दोषी कमिट सापडतो, कारण दर पायरीला निम्मे कमिट बाद होतात. मात्र टेस्ट दर वेळी फेल होणारी हवी. कधी पास, कधी फेल असेल तर आधी रँडम सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) पक्का करा.

कळवताना पूर्ण ट्रेसबॅक (एरर कुठून आली ते दाखवणाऱ्या ओळी) मजकूर म्हणून द्या, स्क्रीनशॉट नको. त्यातला मजकूर शोधता येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम, पायथॉन आणि लायब्ररीची आवृत्ती, चालवलेली कमांड आणि शक्य तितका छोटा नमुना कोड द्या. पुढची आरसी आली की तोच नमुना तिच्यावर चालवा आणि निकाल त्याच रिपोर्टखाली लिहा, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्या मेंटेनरला तो बंद करता येतो.