चांपानेर-शिवराजपूरला कॅमेरा नेण्याआधी

पहिली तयारी गजराची. गुजरातेतल्या पावागड डोंगराच्या पायथ्याशी चांपानेर ही जुनी राजधानी आहे. तिथल्या जामी मशिदीचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे दर्शनी भिंतीवर आणि 30 मीटर उंचीच्या त्या दोन मिनारांवर चांगलं ऊन सकाळीच मिळतं. दुपारनंतर तीच भिंत सावलीत जाते, मागचं आकाश पांढरंफटक होतं आणि आपण उगाच एक्स्पोजरशी झटत बसतो. म्हणून बडोद्याहून उजाडायच्या आत निघा. अंतर जेमतेम 50 किलोमीटर, पण 'आधी सेव-उसळ खाऊन निघू' म्हणणारा एक जण प्रत्येक कंपूत असतोच. त्याला परतीच्या वेळचं आश्वासन द्या.

रेल्वेनं जायचा विचार असेल तर सोडा. चांपानेर रोड नावाचं जंक्शन गोध्रा लाइनवर आहे खरं, पण नावाला भुलून तिथे उतरलात तर अवशेष बरेच लांब राहतात. आपली गाडी न्या किंवा हालोलची एसटी पकडा. रविवार, पौर्णिमा आणि नवरात्र टाळा, कारण पावागडच्या कालिकामातेची गर्दी त्याच रस्त्यानं जाते. ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हिरवाई सुरेख असते, पण गवतात उघडी टाकी-विहिरी दिसत नाहीत.

तिकिटाची वेळ आदल्या दिवशीच बघून ठेवा. ही वास्तू पुरातत्त्व खात्याची आहे, 2004 पासून जागतिक वारसा यादीतही आहे, तेव्हा ट्रायपॉड लावायचा तर परवानगीचं आधी बघा आणि ड्रोन घरीच ठेवा. लेन्सचं ओझं मात्र वाढवू नका. घुमटाखालच्या खांबांच्या रांगांना वाइड, नगीना मशिदीच्या कोरीव कामाला थोडी लांब लेन्स, एवढं पुरतं. हालोलच्या वाटेवरची वळणावळणाची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, वरून टिपताना आपण कठड्यावर पुढे वाकतो, तेव्हा पट्टा गळ्यात हवा आणि वरच्या खिशात काही नको. घुमटाच्या आत मोहोळ दिसलं तर फ्लॅश बंद, आवाजही बंद.

थोडा इतिहास डोक्यात असला की फ्रेम निवडायला सोपं जातं. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा यानं सुमारे वीस महिने वेढा घालून 1484 मध्ये पावागड घेतला आणि पायथ्याशी राजधानी उभी केली. 1535 मध्ये हुमायूनची माणसं कड्यात लोखंडी खिळे ठोकून गडावर चढली. राजधानी पुन्हा अहमदाबादेला गेली आणि शहरात रान माजलं. पुढे हा मुलूख शिंद्यांकडे होता, 1861 मध्ये तो इंग्रजांकडे गेला, म्हणजे आपल्या मराठी मंडळींचाही इथे थोडा हात आहे. आणि हो, तटाच्या आत आजही गाव नांदतं आहे. कुणाच्या ओट्यावर कॅमेरा रोखण्याआधी 'काका, फोटो पाडूं?' एवढं गुजराती पुरे.

दुपार शिवराजपूरसाठी राखा. हालोलहून जांबुघोड्याच्या रस्त्यावर हे गाव लागतं. पोलादाला लागणाऱ्या मँगनीजच्या खाणी इथल्या, आणि तो माल वाहायला चांपानेर-शिवराजपूर-पाणी अशी नॅरोगेज गाडी होती, आता बंद. 'पाणी' हे गावाचं नाव आहे, तेव्हा प्यायचं पाणी बडोद्याहूनच माणशी तीन लिटर भरून घ्या.

इथली खरी वैरीण म्हणजे काळी धूळ. मँगनीजचा खडा हातात घेतला की बोटं पेन्सिलीच्या शिशासारखी काळी होतात. पहिल्या खेपेला मी असाच एक खडा उचलून न्याहाळला, मग त्याच बोटांनी कापड काढून लेन्स पुसली. घरी येऊन पाहतो तर दुपारचे सगळे फोटो धुरकट, जणू कुणी लेन्सवर काजळाचं बोट फिरवलंय. तेव्हापासून दोन कापडं नेतो, एक हातांना आणि एक काचेला, वेगवेगळ्या खिशांत. सोबत ब्लोअर, झिपच्या पिशव्या, आणि लेन्स बदलायची ती गाडीत, काचा वर करून. पांढरा कुडता नको.

बूट घोट्यापर्यंतचे हवेत. जुन्या खड्ड्यांच्या कडा भुसभुशीत असतात, त्यात पाणी साठलेलं असेल तर प्रतिबिंबाच्या मोहानं पाऊल पुढे जातंच. कडेपासून दोन माणसं आडवी झोपतील इतकं अंतर ठेवा. कुंपण असेल तिथे परवानगीशिवाय आत नाही आणि बोगद्यात तर कुणी हाताला धरून नेलं तरी नाही. आतली हवा कशी असेल ते टॉर्चनं कळत नाही.

शेवटी डिकीत जुनी वर्तमानपत्रं टाका. परतताना बूट त्यांच्यावर काढायचे. सीट कव्हर फिकं असेल तर दोन अंक जास्त.