हस्ताचा पाऊस ओसरला, आता बेणणी: ग्रासकटर हाती घेण्याआधी

हस्ताचा जोर ओसरला की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांतून ग्रासकटरची घरघर सुरू होते. बेणणीला, म्हणजे बागेतलं वाढलेलं गवत कापायला, हाच काळ योग्य. गवत कमरेला लागलेलं असलं तरी काडी अजून ओली असते, मशीनच्या फिरत्या नायलॉन दोरीने सहज तुटते, आणि बी जमिनीवर सांडलेलं नसतं. महिनाभर थांबलात तर कुसळं कपड्यांतून अंगात घुसतात आणि वाळलेलं गवत वणव्याची वाट बघत उभं राहतं. फक्त सकाळच्या दवात घाई नको. उतारावर पाय सटकतो तेव्हा हातात फिरतं मशीन असतं.

मशीन सुरू करण्याआधी हातात काठी घेऊन बागेतून एक फेरी मारा. चिऱ्याचे तुकडे, तुटलेली तार, औषधांच्या रिकाम्या बाटल्या उचला, ठिबकच्या नळ्या बाजूला ओढून ठेवा. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेला आणि कातळावरच्या गवतात फुरसं हा विषारी साप आहेच असं धरून चाला. एरवी त्याच्या खवल्यांची खरखर कानावर येते, इंजिनच्या आवाजात ती येणार नाही. म्हणून गमबूट हवेतच. दंश झालाच तर कापाकापी करू नका, दोरी आवळू नका. पाय हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठा किंवा 108 ला फोन लावा. करवंदीच्या जाळीत गांधीलमाशांचं पोळं असतं, तेही काठीने लांबूनच पाहून घ्या. खांद्याचा पट्टा एका झटक्यात कसा सुटतो, हे घरच्या अंगणातच दोन-तीनदा करून बघा. माशा मागे लागल्यावर बक्कल शोधायला सवड मिळत नाही.

आता गार्डबद्दल, म्हणजे फिरत्या दोरीवरच्या संरक्षक झाकणाबद्दल. मशीन घेऊन आठ दिवस झाले की पहिलं काय निघतं, तर गार्ड. गवत अडकतं, वजन वाढतं, दोरी लांब सोडता येत नाही, अशी कारणं तयार असतात. पण गार्डच्या कडेला ते छोटं पातं असतं ना, ते दोरी ठरावीक लांबीला तोडण्यासाठीच असतं. दोरी लांब झाली की इंजिनवर ताण येतो, वेग पडतो, क्लच तापतो आणि गवत तुटण्याऐवजी मशीनच्या डोक्याभोवती गुंडाळतं. शिवाय खडे सरळ नडगीवर. माझ्या उजव्या नडगीवर चिऱ्याच्या कपचीने दिलेली खूण आहे, ती अशाच एका शहाणपणाची. दोरीच्या जागी लोखंडी तार लावणारेही पाहिलेत. ते तर कधीच नको, तुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो.

डोळ्यांना गॉगल, कानात बोळे, पायात जाड पँट. काहीजण मोटरसायकलचं हेल्मेट घालतात. काहीच नसण्यापेक्षा बरं, पण दहा मिनिटांत घामाने काच धुरकटते. चालवणाऱ्यापासून पंधरा मीटरच्या आत कुणी नको, चहा घेऊन येणारं पोरही नको.

कापताना थ्रॉटल पूर्ण द्या आणि मगच गवतात शिरा. काम दोरीचं टोक करतं, अर्ध्या वेगात ते नुसतं झोडपतं. गवत उंच असेल तर आधी वरचा अर्धा भाग, मग बुडखा. बहुतेक मशीनचं डोकं वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे उजवीकडून डावीकडे झोका घेत चाललं की कापलेलं गवत डाव्या हाताला पडत जातं. चढाच्या बागेत आडवं चाला आणि उतार डाव्या हाताला ठेवा, म्हणजे कापलेलं खाली जातं, पायात येत नाही.

रानमोडी आणि घाणेरीला दोरी पुरत नाही, तिथे पातं लावावं लागतं. पातं म्हणजे वेगळाच प्राणी. त्याची समोरची उजवी बाजू बुंध्याला किंवा दगडाला लागली तर मशीन झटक्याने उसळून येतं. झुडूप नेहमी पात्याच्या डाव्या बाजूने घ्या. बदलताना इंजिन बंद करून प्लगची टोपी काढा. पात्याचा नट बहुधा उलट्या आट्यांचा असतो, सोडवताना आपण सवयीने फिरवतो त्या दिशेने तो आणखी आवळतो.

कलमाच्या बुंध्याजवळ मात्र दोरीही नको, पातंही नको. काही वर्षांपूर्वी आम्ही रोजाने मशीनवाला बोलावला होता. दिवसभरात बाग आरशासारखी करून गेला. दोन वर्षांची हापूसची कलमं दिवाळीत हिरवीगार होती, शिमग्याच्या सुमाराला त्यातली सहा मलूल झाली. वाकून बघितलं तर प्रत्येकाच्या खोडाला जमिनीलगत बोटभर रुंदीची साल गोल उडालेली. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं, ती वाटच तुटलेली. तेव्हापासून खोडाभोवती हातभर गवत आम्ही विळ्यानेच काढतो. कापलेलं गवत आळ्यात पसरा, पण खोडाला टेकवू नका, वाळवी वर चढते.

पेट्रोलचं गणित पुस्तिकेप्रमाणेच. टू-स्ट्रोक इंजिनला पेट्रोल आणि ऑइल 25:1 म्हणजे लिटरला 40 मिली ऑइल, 40:1 ला 25, 50:1 ला 20. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतू नका आणि मोटरसायकलचं इंजिन ऑइल तर अजिबात नको. फोर-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये काहीच मिसळायचं नाही. त्याचं ऑइल वेगळं आणि जेमतेम शंभर मिलीच्या आसपास, म्हणून रोज पाहायचं. टाकी भरताना मशीन निवू द्या आणि सुक्या गवतापासून लांब, मोकळ्या जमिनीवर भरा. तापलेला सायलेन्सर वाळक्या गवतात ठेवणं म्हणजे आपल्याच हाताने काडी लावणं.

नायलॉनची दोरी वर्षभर माळ्यावर पडली की कडक होऊन ताडताड तुटते. आदल्या रात्री बादलीत भिजत टाका, मऊ होते. बेणणी आटोपली की टाकीतलं पेट्रोल काढून घ्या आणि उरलेलं संपेपर्यंत इंजिन चालू द्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि पुढच्या वर्षी कार्बोरेटर साफ करायला गॅरेजवाला लागतो. काजू पडायच्या आधी फेब्रुवारीत झाडाखालची पुन्हा साफसफाई असेल तर फिल्टर झटकून, गिअरबॉक्सला ग्रीस भरून मशीन खुंटीला अडकवून ठेवा.