शिखंडीचं नाटक लिहायला घेताना

पुराणकथेवर क्विअर नाटक लिहायचं डोक्यात असेल तर आधी महिनाभर मूळ कथा वाचा. मी उलट केलं. आदल्या जन्मीची अंबा, भीष्माचा सूड, रथावरचा शिखंडी, एवढ्या ऐकीव भांडवलावर दीर्घांक लिहून काढला. वाचनाला एक पारलिंगी (ट्रान्सजेंडर) मैत्रीण होती. ती म्हणाली, "सगळे शिखंडीच्या शरीराबद्दलच बोलतायत. तो कधी जेवत नाही, कुणावर चिडतही नाही."

ती संहिता मी फाडली आणि महाभारताच्या उद्योगपर्वातलं अंबोपाख्यान उघडलं. भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली, तीत ते सविस्तर आहे. द्रुपदाची शिखंडिनी मुलगा म्हणून वाढते. दशार्णाच्या हिरण्यवर्म्याच्या मुलीशी तिचं लग्न लावतात. सत्य कळल्यावर सासरा चढाईला निघतो. शिखंडिनी जीव द्यायला रानात जाते, तर तिथला स्थूणाकर्ण यक्ष काही काळापुरतं आपलं पुरुषत्व तिला देतो आणि तिचं स्त्रीत्व स्वतःकडे घेतो. मग हिरण्यवर्मा काही तरुणींना पाठवतो: जावई पुरुष आहे का, बघून या.

हे वाचून मी थिजलो. लिंगओळख ज्याची त्याने ठरवायची, त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सांगितलं. तरी पारलिंगी माणसाकडे पुरावा मागणारे अजून भेटतातच. कथा इतकी आजची असताना पात्रांच्या हाती मोबाइल देण्याची गरज उरत नाही. तपासणीच्या प्रवेशात आम्ही नटाला पाठमोरं उभं केलं. तो फक्त बाहीचं बटण काढायचा. पहिल्या तालमीत बटण निघालं आणि विंगेतली कुजबुज थांबली. याहून जास्त काही दाखवू नका, ती तपासणी आपल्या हातून पुन्हा होते.

भूमिकेसाठी पारलिंगी नट शोधा, वेळ लागला तरी. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉर मंडळाकडे, लवकर पाठवा, प्रयोगाची तारीख त्यावर अडते.

पण खरं नाटक मला स्थूणाकडे सापडलं. कुबेर दारात येतो. स्थूण बाईच्या रूपात, लाजेने घरातच लपून बसलेला. स्वागताला आला नाही म्हणून कुबेर चिडतो आणि शाप देतो: असाच राहा. पुढे इतर यक्षांनी विनवल्यावर शापाला मुदत मिळते, शिखंडी मरेपर्यंतची. दारामागे लपलेल्या त्या माणसाला आपण ओळखतो. शिखंडीच्या गोष्टी सांगताना त्याला मात्र सगळे विसरतात.

इकडे शिखंडी दिल्या शब्दाप्रमाणे उसनं घेतलेलं परत करायला येतो. आमचा शेवटचा प्रवेश हाच. उंबऱ्यावर दोघं, मध्ये एक ताट. शापाचं सांगण्याआधी स्थूण म्हणतो, "दमून आलायस. आधी जेवून घे."