लॅपटॉप नसताना ऑडिओ इंटरफेस तपासायचा तर

रेकॉर्डिंगला निघायच्या आदल्या रात्री इंटरफेस, म्हणजे माईकचा आवाज कॉम्प्युटरला पोचवणारा डबा, तपासून घ्या, लॅपटॉप दुसऱ्याकडं असला तरी. इंटरफेस यूएसबीवर चालणारा असेल तर पॉवरला बहुतेक वेळा फोनचा ५ व्होल्टचा चार्जर पुरतो, यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, फोनचा चार्जर बहुधा त्याहून जास्तच देतो. मात्र काही इंटरफेस कॉम्प्युटर जोडल्याशिवाय सुरूच होत नाहीत. मॅन्युअल आधी बघा, नाहीतर चांगली वस्तू दुरुस्तीला न्याल. माईक, एक्सएलआर (माईकची तीन पिनांची) केबल, हेडफोन हे काय सांगायचं! हेडफोनची पिन बारीक असेल तर जाड पिनचं कन्व्हर्टर घ्या, स्टिरिओच.

आता डायरेक्ट मॉनिटर चालू करा. बाकी काहीही करायच्या आधी हे. यानं माईकचा आवाज इंटरफेसमधूनच सरळ हेडफोनला जातो. एरवी माईकचा आवाज कॉम्प्युटरात जातो आणि तिथून हेडफोनला परत येतो. कॉम्प्युटरच नाही म्हटल्यावर आवाजाला ही एकच वाट उरते. अंबाजोगाईच्या भजनी मंडळाच्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं आणि केबल, माईक, फँटम (इंटरफेसकडून माईकला मिळणारी पॉवर) सगळं बदलून बघण्यात रात्र गेली. गेनजवळचा (माईकचा आवाज कमी-जास्त करायच्या नॉबजवळचा) दिवा मात्र बोललं की हिरवा होत होता. दिवा हिरवा आणि हेडफोन गप्प, म्हणजे माईक आणि केबल ठीक आहेत, बहुतेक डायरेक्ट मॉनिटर बंद आहे. काही मॉडेलवर बटणाऐवजी इनपुट आणि प्लेबॅक लिहिलेला नॉब असतो. तो पूर्ण इनपुटकडं फिरवा. प्लेबॅककडं राहिला तर काहीच ऐकू येणार नाही.

आवाज एकाच कानात आला तर घाबरू नका. स्टिरिओ मॉनिटरिंगमध्ये पहिलं इनपुट डावीकडं आणि दुसरं उजवीकडं जातं. मोनो करा, दोन्ही कानांत येईल.

गेनजवळचा दिवाच लागत नसेल तर माईक कुठला ते बघा. कंडेन्सरला ४८ व्होल्टचं फँटम लागतं, डायनॅमिकला नाही. फँटम एक्सएलआरमधूनच जातं, एक्सएलआर-टू-जॅक केबल लावली तर कंडेन्सर मुकाच राहणार. आधी केबल, मग ४८ व्होल्ट, आणि हे करताना हेडफोनचा आवाज खाली. रिबन माईक असेल तर फँटमला हात लावू नका. गेन लावताना पखवाजावर पूर्ण ताकदीची थाप मारायला सांगा. हळू वाजवून गेन लावला तर गजर चढला की दिवा लाल होतोच, म्हणजे आवाज फाटतो.

गुणगुण येते? आपल्याकडं जुन्या घरांत, देवळांत अर्थिंगचा भरवसा नसतो. चार्जर काढून पॉवर बँक लावा. गुणगुण गेली तर दोष लाईटच्या बाजूचा आहे, इंटरफेसचा नाही. पॉवर बँक मधेच बंद पडली तरी इंटरफेसला दोष देऊ नका. करंट कमी ओढला जातोय असं दिसलं की काही पॉवर बँक आपोआप बंद होतात.

आणि पुन्हा सांगतो, काहीही उघडायच्या, विकत आणायच्या किंवा कुणाला रात्री फोन करायच्या आधी डायरेक्ट मॉनिटर बघा.

चार्जरवर इंटरफेसचा दिवा लागला म्हणून यूएसबी केबल पास झाली असं नाही. नुसत्या चार्जिंगच्या केबलला डेटाच्या तारा नसतात, लॅपटॉपला ती चालणार नाही. ड्रायव्हर, सॅम्पल रेट या कॉम्प्युटरवरच्या सेटिंग लॅपटॉप आल्यावर बघा. एक जादा एक्सएलआर, एक्स्टेन्शन बोर्ड, चिकटपट्टी सोबत घ्या. कन्व्हर्टर हेडफोनलाच लावून ठेवा.