आरएफआयडी लेबल छापताना या चुका टाळा

"साहेब, टॅगच खराब आलेत." साकीनाक्यापासून भिवंडीपर्यंत कुठेही आरएफआयडी प्रिंटर बघायला गेलो की आधी हेच ऐकतो. टॅग म्हणजे रेडिओलहरींनी वाचता येणारी चिप बसवलेलं लेबल; प्रिंटर वर छापतो आणि चिपमध्ये नंबरही लिहितो. हे टॅग क्वचितच खराब निघतात. नवा रोल चढवला आणि कॅलिब्रेशन न करताच छपाई सुरू केली, असंच बहुतेक वेळा झालेलं असतं.

वरून सगळी लेबलं सारखीच दिसतात. पण आतला इनले, म्हणजे चिप आणि तिचा अँटेना, प्रत्येक मालात वेगळ्या जागी असतो. लेबल नेमकं कुठे आल्यावर चिपमध्ये लिहायचं आणि किती पॉवर लावायची, हे प्रिंटरला प्रत्येक नव्या मालावर पुन्हा शोधू द्यावं लागतं. हेच कॅलिब्रेशन. त्यात चार-पाच लेबलं वाया जातात. ती जाऊ द्या.

भिवंडीच्या एका गोदामात कपड्यांच्या खोक्यांसाठी लेबलं छापायची होती. नव्या रोलवर दर दोन-तीन लेबलांनी व्हॉइड, म्हणजे चिपमध्ये लिहिणं फसल्याचा शिक्का, यायला लागलं. ऑपरेटरने राइट पॉवर, म्हणजे चिपमध्ये लिहायची ताकद, थेट शेवटच्या आकड्यावर नेली. व्हॉइड थांबलं, शेठ खूश, हजारभर खोक्यांवर लेबलं लागलीसुद्धा. दोन दिवसांनी फोन आला : गेटवरचा रीडर भलतंच खोकं दाखवतोय. जाऊन एक लेबल सोलून हातात घेतलं. वर छापलेलं ०१४७, चिपमध्ये ०१४६. पुढचं ०१४८, चिपमध्ये ०१४७. पॉवर इतकी वाढवली होती की प्रिंटर समोरच्या लेबलाऐवजी शेजारच्याच लेबलात लिहीत होता. लिहिलेलं नीट वाचता येत होतं, मग व्हॉइड कशाला येईल? रोलच्या पहिल्या लेबलात तर कारखान्यातून आलेला नंबर तसाच होता. सगळी लेबलं सोलून पुन्हा छापली, तीन रात्री गेल्या. व्हॉइड आलं की पॉवर वाढवायची नाही, आधी जागा शोधायची. हे मी प्रत्येक ऑपरेटरला सांगतो, तरी वर्षाला दोघे-तिघे तेच करतात.

माझी सवय : पहिली पाच लेबलं छापायची, चार स्टीलच्या डब्यात झाकण लावून ठेवायची आणि एकच बाहेर ठेवून हातातल्या रीडरने वाचायचं. रीडरची पॉवर अगदी कमी. डब्यातली लेबलं मध्ये बोलत नाहीत, त्यामुळे समोर जे दिसतं ते त्याच लेबलाचं असतं. अशी एकेक करून पाचही जुळली तरच रोल सोडायचा.

दुसरं दुखणं एक्सेलचं. चिपमध्ये जो ओळख नंबर लिहितात तो ईपीसी. ९६ बिटांचा ईपीसी म्हणजे हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ वापरून लिहिलेला) २४ अक्षरं. त्यात ए ते एफ यांपैकी एकही अक्षर नसेल तर एक्सेल तो साधा आकडा समजतं, पहिले १५ अंक ठेवतं आणि पुढे शून्यं भरतं. सिरियल नंबर शेवटी असतो, म्हणजे नेमका तोच पुसला जातो. मग दहा टॅगांत एकच नंबर आणि रीडर दहा खोक्यांचं एक मोजतो. कॉलम आधी टेक्स्ट करा, मगच डेटा पेस्ट करा. नंतर टेक्स्ट केल्याने गेलेले अंक परत येत नाहीत.

प्रिंटरमध्ये हेक्सच्या जागी आस्की (साध्या मजकुराची पद्धत) निवडू नका, तिथे एका अक्षराला आठ बिट लागतात आणि नंबर बसत नाही. चिपचा उंचवटा असतो, त्यावर बारकोड छापू नका. छपाई फिकी येते आणि प्रिंटहेडही झिजतो. साधं लेबल लोखंडी रॅकवर चिकटवू नका, तिथे धातूवर चालणारा ऑन-मेटल टॅगच लागतो. अमेरिकेहून नातेवाइकाने आणलेला प्रिंटर ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर चालतो, आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, खरेदीआधी बघा.

आणि लॉक, म्हणजे चिपमधला नंबर कुणी बदलू नये म्हणून लावलेलं कुलूप. पासवर्डने केलेलं लॉक पासवर्ड हाती असेल तर उघडतं, पण परमालॉक कायमचं. वाचून तपासल्याशिवाय ते लावू नका. घाईत परमालॉक केलेला रोल माझ्याकडे आणलात तर मलाही तो उघडता येत नाही.