कर्णबधिर माणसाला ‘तुम्ही स्वतःला अपंग समजता का?’ विचारण्याआधी या चुका टाळा

प्रश्न वाईट नाही. पण आपल्याकडं तो बहुतेक वेळा त्या माणसाला विचारलाच जात नाही, त्याच्या भावाला, बायकोला नाहीतर शेजाऱ्याला विचारला जातो. ‘काय म्हणायलाय हे?’ असं सोबतच्याकडं बघून विचारणं ही पहिली चूक. माणूस समोर उभा आहे, त्याच्याकडं बघा.

‘हो की नाही, एवढंच सांगा’

लातूर किंवा नांदेडला एखाद्या टपरीवर संध्याकाळी चार-पाच डेफ पोरं जमलेली बघा. हात भराभर चाललेले, मध्येच कुणी टेबलावर थाप मारून लक्ष वेधतो, गावातल्या सरपंचाची नक्कल होते, हसून पोट दुखतं. त्या टेबलाशी अडचण झालेला एकच माणूस असतो, तो म्हणजे खुणा न येणारा. यातलाच एक जण दुसऱ्या दिवशी तहसीलच्या खिडकीशी उभा राहतो. आतला माणूस कागदात मान घालून बोलतो, नाव पुकारलं जातं ते कळत नाही, नंबर निघून जातो. पोरगा तोच, कानही तेच.

म्हणून अनेक कर्णबधिर लोक, विशेषतः लहानपणापासून खुणांच्या भाषेत वाढलेले, म्हणतात की आम्ही वेगळी भाषा बोलणारे लोक आहोत, आम्हाला अडवतं ते बाहेरचं जग. हे नुसतं बोलणं नाही. अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर आनुवंशिक बहिरेपण इतकं होतं की पिढ्यान् पिढ्या ऐकणारी माणसंही खुणांची भाषा बोलायची. तिथं बहिरा माणूस शेती करायचा, मासेमारी करायचा, गावच्या सभेत मत मांडायचा. दुसरीकडं असेही कर्णबधिर आहेत जे सरळ म्हणतात, ‘मला ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं.’ दोघांपैकी कुणालाही दुरुस्त करायला जाऊ नका.

सगळ्या बहिऱ्यांना एका मापात मोजणं

ज्या आजोबांनी साठ वर्षं हरिपाठ आणि कीर्तन ऐकलं आणि आता मृदंग ऐकू येत नाही, त्यांचं काहीतरी गेलंय. त्यांना ‘ही वेगळी ओळख आहे’ वगैरे सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. त्यांना चांगलं श्रवणयंत्र आणि पुढची जागा द्या. जन्मतः न ऐकणाऱ्याचं मात्र काही गेलेलं नसतं. त्याला शांततेची खंत असेलच असं आपणच धरून चालतो.

ओरडणं आणि ओठांवर भरवसा

ओरडल्यानं ओठांचा आकार बिघडतो, बाकी काही होत नाही. आणि ओठ वाचून सगळं कळतं हाही गैरसमजच. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. ‘पान’, ‘बाण’ आणि ‘मान’ आरशात बघून म्हणा, फरक सापडतो का बघा. त्यात आपल्याकडं मिशी भरघोस आणि गालात तंबाखूची गोळी. चिठ्ठी लिहून देणं बरं, पण तोही रामबाण नाही. कधीच न ऐकलेली मराठी शिकणं फार अवघड असतं, त्यामुळं लेखी मराठी कच्ची असणं म्हणजे डोकं कच्चं असणं नव्हे. छोटी वाक्यं लिहा, तारीख आणि रक्कम आकड्यात लिहा.

कार्ड काढलं म्हणजे हार मानली, असं समजणं

इथं घरोघर गडबड होते. काही आई-बाप ‘सोयरिकीला अडचण येईल’ म्हणून अपंगत्वाचं प्रमाणपत्रच काढत नाहीत. उलट बाजूनं कुणीतरी टोमणा मारतो, ‘अपंग नाही म्हणता, मग सवलत कशाला?’ दोन्ही चुकलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीतला ऐकण्याचा ऱ्हास ७० डेसिबल असेल तर बधिर, ६० ते ७० असेल तर ऐकू कमी येणारा. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का या गटासाठी आहे. एसटीत ७५ टक्के सवलत मिळते. हा व्यवस्थेशी केलेला हिशेब आहे; माणूस स्वतःला काय म्हणवतो याच्याशी त्याचा संबंध नाही.

याची गंमत खेळात दिसते. कर्णबधिरांचं स्वतःचं ऑलिंपिक, म्हणजे आजचं डेफलिंपिक्स, १९२४ साली पॅरिसला सुरू झालं. पॅरालिंपिक्स, म्हणजे इतर दिव्यांग खेळाडूंची स्पर्धा, त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९६० ला. दोन्ही स्पर्धा आजही वेगळ्याच आहेत. पण हरियाणाचा पैलवान वीरेंद्र सिंग, डेफलिंपिक्सची सुवर्णपदकं जिंकलेला, २०२१ मध्ये पद्मश्री हातात पडल्यावर दिल्लीत हरियाणा भवनासमोर फुटपाथवर पदकं घेऊन बसला. मागणी काय, तर पॅरा-खेळाडूंना जे मिळतं ते आम्हालाही द्या. मैदान वेगळं हवं आणि हक्कही सारखे हवेत, यात विसंगती कुठं आहे?

लेकरू बोलेल म्हणून वाट बघणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ‘याचा बापही उशिराच बोलला होता’, मग तुळजापूरला नवस, मग कुणाचा तरी अंगारा. तोवर तीन वर्षं निघून जातात, आणि भाषा मेंदूत रुजण्याची हीच वर्षं असतात. आवाजाला बाळ दचकत नाही, पाठीमागून हाक मारल्यावर वळत नाही, असं वाटलं की लगेच कानाची तपासणी आणि गरज पडली तर बेरा चाचणी (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी) करून घ्या. सख्ख्या नात्यात, मामाच्या मुलीशी वगैरे लग्न झालं असेल तर जरा जास्तच लवकर.

पुढचा गोंधळ कॉक्लिअर इम्प्लांटवरून, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्रावरून होतो. ऑपरेशन झालं की लेकरू बोलायला लागेल, असं नातेवाईक धरून चालतात. ऑपरेशन ही सुरुवात असते. त्यानंतर वर्षानुवर्षं स्पीच थेरपी, बाहेरच्या यंत्राची देखभाल, बॅटरी, तालुक्याहून जिल्ह्याच्या चकरा. परवडत असेल, जमत असेल तर करा. फक्त ‘खुणा शिकवल्या तर बोलणारच नाही’ या भीतीनं लेकराला मधली वर्षं भाषेविना ठेवू नका. कर्णबधिर मुलांपैकी बहुतेकांचे आई-वडील ऐकणारे असतात, म्हणजे घरात खुणांची भाषा कुणालाच येत नाही. ती घरातल्यांनी शिकायची असते. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०१८ ला तीन हजार शब्दांनी सुरू झाला, २०२१ ला दहा हजारांवर गेला, आणि त्याचे व्हिडिओ मोबाईलवर फुकट बघता येतात. जेवण, पाणी, दुखतंय, भीती वाटते, आजी कुठंय, एवढ्यापासून सुरू करा. आजीलाही बसवा.

ऐकणाऱ्या मुलीला दुभाषी करणं

कर्णबधिर जोडप्याची नऊ-दहा वर्षांची पोरगी बँकेत आईचं कर्ज समजावून सांगते, दवाखान्यात आईच्या पाळीचं दुखणं डॉक्टरांना सांगते, आणि लोक कौतुक करतात, ‘किती हुशार!’ ते वय ते सांगण्याचं नाही, आणि आईला त्या पोरीसमोर सगळं सांगताही येत नाही. ऑपरेशन, जमिनीचं खरेदीखत, पोलिसांत जबाब अशी कामं असतील तर दुभाषी आणा. जवळ कुणी नसेल तर जिल्ह्यातल्या कर्णबधिर शाळेत चौकशी करा, किंवा व्हिडिओ कॉलवर घ्या. वेळ आधी ठरवा, पैसे ठरवा, आणि बोलताना दुभाष्याकडं न बघता तिच्या आईकडं बघून बोला.