"तुमच्याकडचा बेस्ट गोल्फ कोर्स कुठला?" उत्तर देण्याआधी या चुका टाळा

"तुमच्या भागात येतोय, कुठला कोर्स खेळू?" असं कोणी विचारायचा अवकाश, पंधरा जण तुटून पडतात आणि पंधराही जण एकच नाव घेतात, "तोच खेळ रे, बाकी सगळे टाइमपास." विचारणारा किती वर्षं खेळतोय, चालत खेळतो की कार्ट लागते, बरोबर बायको-पोरं आहेत की ऑफिसची चार टाळकी आहेत, कोणी म्हणून विचारत नाही. आणि विचारणारेही कमी नाहीत. मी उलटा प्रश्न टाकला की उत्तर येतं, "अहो तुम्ही फक्त नाव सांगा ना." नाव सांगून काय होतं ते मी चांगलं भोगलंय, म्हणून हा सगळा पाढा.

स्वतःचा आवडता कोर्स दुसऱ्याच्या गळ्यात मारणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही, आणि ती मी माझ्या सख्ख्या मेहुण्यावर केली. गडी सहा महिने रेंजवर (सरावाच्या मैदानावर) बॉल मारत होता, पाच-सहा वेळा नऊ होल खेळलेला, चार दिवस आमच्याकडे आला आणि म्हणाला, "दाजी, इथला सगळ्यात भारी कोर्स दाखवा." मी काय, छाती फुगवून त्याला माझ्या लाडक्या कोर्सवर घेऊन गेलो. वर आणि मागच्या टीवरून (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा, मागची म्हणजे सगळ्यात लांबची) खेळायला लावलं, का तर "खरा कोर्स तिथूनच कळतो". हे वाक्य तेव्हा माझ्या तोंडी असायचं, आज दुसरं कोणी बोललं की अंगावर काटा येतो.

पहिले तीन होल रडतखडत झाले. चौथ्याला टीसमोर सरळ तळं आणि मागच्या टीवरून पाणी पार करायला हवेत १७० यार्ड. मेहुण्याचा ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा लांब फटका, अगदी नीट बसला तर घरंगळून १८० जायचा, म्हणजे हवेत दीडशेच्या आसपास, बाकीचं सगळं जमिनीवर. पाण्यावर कुठलं आलंय घरंगळणं? पहिला बॉल डुबुक. दुसरा त्याच्या शेजारी. तिसऱ्याला त्याने जोर लावला तर टॉप होऊन, म्हणजे क्लब बॉलच्या डोक्यावर लागून, बॉल समोरच्या गवतातच राहिला आणि त्याला त्याचाच आनंद झाला, निदान दिसतोय तरी म्हणून. मागून येणारा ग्रुप येऊन हाताची घडी घालून उभा. डावीकडे तळ्याला वळसा घालून एक पुढची टी होती, तिथून पाणी मध्ये येतच नव्हतं, आणि मी शहाण्याने त्याला ते सांगितलंसुद्धा नाही. नववा होल संपेपर्यंत त्याचे बारा बॉल गेले, मग माझे सुरू झाले. बाराव्या होलवर त्याने क्लब बॅगेत घातला आणि शांतपणे म्हणाला, "दाजी, तुम्ही खेळा, मी नुसता चालतो." उरलेले सहा होल माझ्याच्याने धड खेळवले नाहीत.

आता गंमत बघा, कोर्सचं रेटिंग करणारे लोक डोळ्यासमोर दोन खेळाडू ठेवतात. एक स्क्रॅच, म्हणजे साधारण पारमध्ये (कोर्सला ठरवून दिलेल्या फटक्यांत) खेळणारा, पुरुषांत त्याचा ड्राइव्ह साधारण २५० यार्ड. दुसरा बोगी गोल्फर, हँडिकॅप (पारपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा) २०च्या आसपास, ड्राइव्ह २०० यार्ड. म्हणजे त्यांच्या हिशोबातला "सामान्य" माणूससुद्धा माझ्या मेहुण्यापेक्षा वीस यार्ड लांब मारतो, आणि मी त्याला नेला स्क्रॅचवाल्यांच्या टीवर.

न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज ब्लॅकवाल्यांनी यावर सरळ पाटीच लावलीय. पहिल्या टीजवळ लिहिलंय की हा कोर्स अत्यंत अवघड आहे, फक्त तरबेज खेळाडूंनीच खेळावा. २००२ आणि २००९ची यूएस ओपन ही अमेरिकेतली मोठी स्पर्धा झालेला कोर्स, पण पब्लिक, कोणीही जाऊन खेळू शकतो, म्हणून ती पाटी. मला त्याहून महत्त्वाचं हे वाटतं की त्याच पार्कात आणखी चार कोर्स आहेत, रेड, ब्लू, ग्रीन आणि यलो. तिकडे जाणाऱ्या नवख्याला जो माणूस ब्लॅक सोडून या चारांपैकी एखाद्याचं नाव सांगेल त्याला मी जाणकार म्हणेन. ब्लॅकचं नाव काय, टीव्ही बघणारा कोणीही सांगेल.

माझी सवय आता अशी: हँडिकॅप विचारायचाच नाही, लोक त्यातही कमी सांगतात. पाच नंबरचा आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) किती जातो ते विचारतो आणि त्याला ३६ने गुणतो. १४० यार्ड जात असेल तर ५,०४०, म्हणजे ज्या टीवरून सगळा कोर्स साधारण तेवढ्या यार्डांचा होतो ती टी त्याला सुखाची. नवशिक्यांना हा आकडा ऐकून अपमान झाल्यासारखा वाटतो. वाटू दे. ज्याला तीन महिन्यांत चॅम्पियनशिप टीवर उभं राहून फोटो काढायचाय त्याने फोटो काढावा आणि खाली उतरून पुढच्या टीवर यावं.

स्लोपचा आकडा फेकणं

"त्याचा स्लोप १३८ आहे, एकदम टफ." हे ऐकलं की मी विचारतो, कुठल्या टीचा? समोर शांतता. स्लोप कोर्सला नसतो, टीला असतो, एकाच कोर्सवर मागच्या टीचा वेगळा, पुढच्या टीचा वेगळा. ५५ ते १५५ अशी त्याची पट्टी आणि ११३ हा मधला ठरवलेला आकडा. आणि तो कोर्स किती अवघड हे सांगतच नाही मुळी. स्क्रॅचवाल्याच्या मानाने साध्या खेळाडूचे किती जास्त हाल होतील एवढंच तो सांगतो. स्क्रॅचवाल्याला किती लागतील ते कोर्स रेटिंगमध्ये असतं, तो आकडा तर कोणी उच्चारतही नाही.

हिशोब मात्र उपयोगाचा आहे. २०२०पासून जे वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आलंय त्यात आपला इंडेक्स (हँडिकॅपचा अधिकृत आकडा) गुणिले स्लोप भागिले ११३, वर कोर्स रेटिंग आणि पार यांच्यातला फरक. तो फरक बाजूला ठेवला तरी १८ इंडेक्सवाल्याला ११३ स्लोपवर १८ शॉट सूट म्हणून मिळतात आणि १४० स्लोपवर २२. चार शॉट जास्त मिळतायत याचा अर्थ चार शॉट जास्त जाणारच आहेत असं धरलंय, तुम्हाला बक्षीस दिलेलं नाहीये. पाहुण्याला कोर्स सुचवताना मी पुढच्या टीचा स्लोप बघतो. तिथेही तो १३०च्या वर असेल तर समजायचं की नवख्याला या कोर्सवर लपायला जागा नाही.

गेल्या वर्षीच्या आठवणीवर आज शिफारस करणं

ही माझी दुसरी जखम. ओळखीतल्या चौघांना एक कोर्स सांगितला, "ग्रीन्स अशी की काचेवर पट करताय असं वाटेल." (ग्रीन म्हणजे होलच्या भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत, पट म्हणजे त्यावरचा घरंगळता हलका फटका.) मी स्वतः तिथे शेवटचा खेळून जवळपास वर्ष झालेलं. चौघं गेले, आणि दुपारी फोनवर फोटो आला. ग्रीनची नुसती चाळणी! बोटाएवढी भोकं, हातभर अंतरात वीसेक असतील, वर पसरलेली वाळू, आणि मध्ये बिचारा पांढरा बॉल एका भोकाच्या काठावर अडकलेला. फोटोखाली एकच ओळ, "काच फुटली वाटतं." दोन दिवस आधी पंचिंग झालं होतं.

पंचिंगला नावं ठेवण्यात अर्थ नाही, ते करावंच लागतं. रोज शेकडो पाय पडून माती दबते, मुळांपर्यंत हवा-पाणी पोचत नाही, म्हणून मातीच्या गुंड्या काढून भोकांत वाळू भरतात. गवत भरून यायला दोन-तीन आठवडे सहज जातात. तोवर तिथे पट करणं म्हणजे खडीवर गोट्या खेळणं. चूक ग्रीनकीपरची नव्हती, माझी होती, मी फोनच केला नाही.

आता करतो. पण "ग्रीन्स कशी आहेत?" असं विचारत नाही, कारण त्याचं उत्तर जगात सगळीकडे "एकदम छान" असंच येतं. "शेवटचं पंचिंग कधी झालं, पुढचं कधी आहे?" असं विचारतो. मग समोरच्याला तारीख सांगावी लागते. त्याच फोनवर कुठला होल बंद आहे का, तात्पुरतं ग्रीन लावलंय का, त्या दिवशी टूर्नामेंट आहे का हेही उरकून घेतो. दोन मिनिटांचं काम आहे आणि लोक त्याला कंटाळून दोनशे रिव्ह्यू वाचत बसतात.

जिथे जाताच येत नाही तो कोर्स सांगणं

ऑगस्टा नॅशनल, पाइन व्हॅली हे अमेरिकेतले खासगी क्लब भारी आहेतच, पण मेंबरने नेल्याशिवाय दारातून आत पाऊल टाकता येत नाही, मग त्यांची शिफारस करून काय उपयोग? प्रत्येक भागात अशी एक छोटी ऑगस्टा असतेच आणि तिचं नाव घेणारा हटकून कोणाचा तरी पाहुणा म्हणून तिथे एकदा खेळलेला असतो. खरंच नेणार असशील तर बोल, नाहीतर गप्प बस.

उलटंही होतं. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स पब्लिक आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं तिथे राजेमहाराजेच खेळतात. टी टाइमसाठी चिठ्ठी टाकायची, दोन दिवस आधी सोडत निघते, नशीब असेल तर नंबर लागतो. आणि ज्यांना माहीत असतं ते उत्साहात सांगतात, "रविवारी जा, निवांत असतं." निवांत असणारच, रविवारी गोल्फ बंद असतो तिथे, लोक फिरायला येतात! म्हणून कोर्सचं नाव सांगताना बुकिंग कसं होतं आणि बंद कधी असतो हेही सांगायचं, तेवढं माहीत नसेल तर सांगू नका.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

एका राउंडवरून निकाल लावू नका. त्या दिवशी तुमचे पट पडले म्हणून कोर्स महान आणि तीन बॉल हरवले म्हणून डिझाइन भिकार, असं नसतं. मी निदान तीनदा खेळल्याशिवाय बोलत नाही, त्यातला एक राउंड वाऱ्यातला हवा.

"ग्रीन्स ११वर पळतात" हे ज्याने स्वतः मोजलं नाही त्याने बोलू नये. हा आकडा देणारा स्टिंपमीटर १९३५ साली एडवर्ड स्टिंपसनने काढला, एक साधी पट्टी आहे ती, वरच्या खाचेत बॉल ठेवून पट्टी उचलायची आणि बॉल किती फूट गेला ते दोन्ही दिशांनी मोजायचं. सकाळच्या दवात तेच ग्रीन रेंगाळतं, दुपारी पळतं. तुमचा ११ किती वाजताचा?

चालणाऱ्याला चालण्याचं सांगा. कार्डावर ६,५०० यार्ड म्हणजे जेमतेम सहा किलोमीटर, पण ग्रीनपासून पुढची टी किती लांब आहे ते कार्डावर नसतं. काही कोर्सवर दोन होलच्या मध्ये अशी चढण असते की टीवर पोचेपर्यंत ड्राइव्ह मारायची इच्छा मरते.

ड्रोनचे फोटो बघून शिफारस करू नका. पक्ष्यांना गोल्फ खेळायचा नाहीये.

नऊ होलच्या कोर्सला नाकं मुरडणं बंद करा. १८ हा काही आकाशातून पडलेला आकडा नाही. सेंट अँड्र्यूजलाच आधी २२ व्हायचे, १७६४ मध्ये काही होल जोडून १८ केले आणि पुढे तीच पद्धत पडली. पहिली ब्रिटिश ओपन १८६०ला स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला झाली तेव्हा तिथे १२च होल होते, तीन फेऱ्या मारून संपवली. नवख्याला, दमलेल्याला, दुपारी विमान असलेल्याला नऊ होलचा नीट ठेवलेला कोर्स सांगणं यात काही कमीपणा नाही. मी तर म्हणतो आपल्या भागातला असा एक तरी कोर्स ज्याला माहीत नाही त्याने शिफारसच करू नये.

मेहुणा पुढच्या महिन्यात परत येतोय. "दाजी, तोच तळ्यावाला, या वेळी सोडत नाही" असा मेसेज आलाय. मी फक्त पाच नंबरचा आयर्न किती जातो ते विचारलं. उत्तर आलं, "१९०". तो मेसेज बायकोला दाखवला तर हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नऊ होलवाल्याकडे सकाळचा टी टाइम घेऊन ठेवलाय, त्याला अजून सांगितलेलं नाही.